त्र्यंबक रांगेतल्या सुळक्यावरचे जुने बोल्ट: काढायचे का, कोणी आणि कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. त्र्यंबक रांगेतल्या एका नावाजलेल्या सुळक्याच्या मूळ वाटेवर तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मारलेले बोल्ट, म्हणजे दोर अडकवण्यासाठी कड्यात भोक पाडून बसवलेल्या लोखंडी खुंट्या, आहेत. काही गंजून तांबूस झालेत, काही हलतात. काही तर अशा जागी आहेत की हातभर अंतरावर नट किंवा कॅम, म्हणजे भेगेत अडकवून नंतर काढून घेता येणारी धातूची साधने, सहज बसतील अशी भेग आहे. नाशिकच्या एका तरुण चमूला ती वाट बोल्टला हात न लावता चढायची आहे आणि उतरताना ते बोल्ट काढून टाकायचे आहेत. शहरातल्या जुन्या गिर्यारोहकांचा याला विरोध आहे. चमूचे म्हणणे, ‘आम्ही बोल्टशिवाय चढून दाखवले तर ते काढायचा हक्क आम्हाला मिळतो की नाही? आणि काढायचेच झाले तर पद्धत काय?’ सुळक्याचे नाव इथे मुद्दाम घेत नाही. निर्णय होण्याआधीच कोणी तरी हातोडा घेऊन निघायला नको.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. बोल्ट न वापरता चढलात तर तुमची चढाई मोठी ठरते, पण इतरांच्या वाटेवर तुमची मालकी येत नाही. चढण्याची शैली ज्याची त्याची असते. बोल्ट काढण्याचा परिणाम मात्र पुढे येणाऱ्या प्रत्येकावर होतो. हे दोन निर्णय वेगळे आहेत. ते वेगळे ठेवले की निम्मे भांडण तिथेच मिटते.

हा वाद जगात सर्वात कडवटपणे झाला तो दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियातल्या चेरो तोर्रे या 3128 मीटर उंच शिखरावर. 1959 मध्ये आपण आणि टोनी एग्गर माथ्यावर पोहोचलो, असा इटलीच्या चेझारे माएस्त्रीचा दावा होता. एग्गर उतरताना मरण पावला आणि दाव्यावर शंका घेतल्या जाऊ लागल्या. 1970 मध्ये माएस्त्री पेट्रोलवर चालणारा, ड्रिलला हवा पुरवणारा कंप्रेसर दोरांनी वर ओढून परत आला आणि त्याने आग्नेय धारेवर सुमारे 400 बोल्ट मारले. माथ्यावरच्या बर्फाच्या टोपीवर तो चढला नाही. कंप्रेसर कड्यालाच लटकवून उतरला आणि उतरताना वरचे काही बोल्ट त्याने स्वतःच तोडले. 1979 मध्ये जिम ब्रिडवेल आणि स्टीव्ह ब्रुअर ती वाट माथ्यापर्यंत चढले. पुढे ‘कंप्रेसर वाट’ हीच या शिखराची सर्वाधिक चढली जाणारी वाट झाली आणि उतरायलाही अनेक जण तीच वापरू लागले.

2007 मध्ये पायथ्याच्या एल चाल्तेन गावात जमलेल्या आरोहकांनी या बोल्टांवर चर्चा केली. बहुमत बोल्ट न काढण्याच्या बाजूने पडले. जानेवारी 2012 मध्ये हेडन केनेडी आणि जेसन क्रुक हे दोघे माएस्त्रीच्या बोल्टच्या शिड्या न वापरता धार चढले आणि उतरताना त्यांनी सुमारे 120 बोल्ट काढले. गावात संताप उसळला, पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. त्यानंतर काही दिवसांतच डेव्हिड लामाने पीटर ऑर्टनरला सोबत घेऊन तीच धार मुक्त पद्धतीने, म्हणजे वजन फक्त हातापायांवर पेलत, चढून दाखवली.

यातून लोक दोन उलटे निष्कर्ष काढतात. एक गट म्हणतो, लामा चढला म्हणजे बोल्टांची गरज कधीच नव्हती. दुसरा म्हणतो, बाहेरून आलेल्या दोघांनी गावाचा निर्णय धुडकावला. मला दुसऱ्याचे पटते, पण पहिल्यातही तथ्य आहे. इतक्या बोल्टांनी धारेचे मूळ आव्हान झाकले गेले होते, हे खरेच. तरीही लामाच्या चढाईने सिद्ध झाले ते एवढेच की लामाच्या दर्जाचा आरोहक तिथून जाऊ शकतो. गावात बसून घेतलेला निर्णय बदलायचा तर पुन्हा गावातच बसायला हवे होते. काढणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल कोणाला शंका नव्हती. भांडण अधिकाराचे होते, आणि नाशिकच्या सुळक्यावरही ते अधिकाराचेच आहे.

दुसरे उदाहरण मला जास्त शिकवणारे वाटते. नोव्हेंबर 1970 मध्ये वॉरन हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल यांनी अमेरिकेतल्या योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावर 27 दिवस काढून एक नवी वाट चढली आणि तिच्यावर भरपूर भोके पाडली. 1971 च्या सुरुवातीला रॉयल रॉबिन्स आणि डॉन लॉरिया दुसऱ्या चढाईला गेले ते बोल्ट तोडायचे ठरवूनच. काही टप्पे त्यांनी तोडलेही. मग बोल्टांच्या मधली चढाई किती कठीण आणि कसदार आहे हे रॉबिन्सच्या लक्षात आले आणि त्याने हातोडा आवरला. खालून कागदावर दिसणारी वाट आणि वर अंगाला भिडणारी वाट एक नसते. म्हणून ज्या आरोहकांनी ती वाट लीड केलेली नाही, म्हणजे दोरावर पुढे राहून चढलेली नाही, त्यांनी तिच्या बोल्टांवर मत देऊ नये. दोन्ही बाजूंच्या लोकांना हे लागू आहे.

जर्मनीतल्या एल्ब नदीकाठच्या वालुकाश्मावर हा प्रश्न नियमाने सोडवला आहे. तिथे धातूचे नट आणि कॅम चालतच नाहीत, गाठी मारलेल्या स्लिंगवर, म्हणजे दोराच्या फासांवर, भागवावे लागते. रिंग, म्हणजे कड्यात रोवलेली लोखंडी कडी, ती वाट पहिल्यांदा चढणारा मारतो. नंतर कोणाला रिंग वाढवायची असेल तर समितीची परवानगी लागते. गिर्यारोहणाच्या आचाराबद्दलच्या 2002 च्या तिरोल जाहीरनाम्यातही स्थानिक परंपरेचा मान राखण्यावर भर आहे. आपल्याकडे अशी लिखित शिस्त नाही. त्यामुळे आवाज मोठा असलेल्याचे खरे ठरते.

आता सह्याद्रीकडे येऊ. योसेमिटीच्या ग्रॅनाइटमध्ये शेकडो फूट सलग भेगा मिळतात. आपला बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला आहे. घट्ट काळ्या पाषाणाचा थर, त्यावर भोकाभोकांचा, गारगोटी आणि झिओलाइट भरलेला मांजऱ्या, मध्येच लाल मातकट पट्टा, पुन्हा घट्ट पाषाण. भेग घट्ट थरात सुरू होते आणि मांजऱ्यात विरून जाते. तिथे नट बसल्यासारखा दिसतो, पण झटका बसला की आजूबाजूचा दगडच भुगा होऊन निघतो. म्हणून ‘शेजारी भेग होती तरी बोल्ट मारला’ हा आरोप करण्याआधी ती भेग कोणत्या थरात आहे ते पाहा.

शिवाय 1980-90 च्या दशकांत कॅमचा पूर्ण संच असणारे महाराष्ट्रात मोजकेच होते. परदेशी साहित्य महाग आणि दुर्मिळ, म्हणून अनेकांनी लोखंडी पट्टीतून हँगर, म्हणजे बोल्टवर बसणारी आणि दोर अडकवायचे भोक असलेली पट्टी, कापून घेतले आणि हाताने तासन्‌तास भोके पाडली. बेसाल्टमध्ये हाताने भोक पाडणे इतके कष्टाचे की उगाच बोल्ट मारण्याची चैन कोणाला परवडत नव्हती. त्या वाटांवरचा प्रत्येक बोल्ट कोणाला तरी त्या क्षणी गरजेचा वाटला होता. तो आजही गरजेचा आहे असे यावरून ठरत नाही. पण काढण्याआधी ते कारण विचारायला हवे, आणि विचारणे शक्य आहे. माएस्त्री आता हयात नाही. नाशिक, पुणे, मुंबईतले त्या पिढीचे अनेक आरोहक मात्र आजही गिरिमित्र संमेलनात भेटतात. मूळ चढाई करणारा हयात असताना त्याला एक फोनही न करता त्याचा बोल्ट काढणे मला अक्षम्य वाटते.

एक फरक आणखी लक्षात ठेवा. अलंग-मदनसारख्या गडांवर पायऱ्या इंग्रजांनी उद्ध्वस्त केल्याचे सांगतात आणि आज त्या तुटलेल्या टप्प्यांवर बोल्टांना दोर बांधून सामान्य ट्रेकर चढतात. तिथला बोल्ट म्हणजे तुटलेल्या पायरीची जागा. तिथे शैलीचा मुद्दा आणू नये. तुमचा सुळका वेगळा आहे. तिथे जाणारा चढाई करायलाच जातो, म्हणून तिथे शैलीचा वाद होऊ शकतो.

तर पहिले काम नोंदणीचे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत प्रत्येक बोल्टला क्रमांक द्या. टप्पा, जमिनीपासून किंवा खालच्या स्थानकापासूनची (थांबून दोर बांधायच्या जागेपासूनची) उंची, बोल्टचा प्रकार, व्यास, हँगरचा धातू, गंजाची स्थिती, आजूबाजूचा थर, आणि एक मीटरच्या आत दुसरे काही संरक्षण बसते का, हे सगळे लिहा. दोन फोटो घ्या, एक जवळून आणि एक आजूबाजूचा कडा दिसेल असा. ही वही नसेल तर बैठकीत प्रत्येक जण आपल्या आठवणीतल्या वेगळ्याच सुळक्याबद्दल भांडतो.

मग बोल्टांची विभागणी करा. बिलेच्या (जोडीदाराचा दोर सांभाळण्याच्या) आणि रॅपलच्या (दोरावरून उतरण्याच्या) स्थानकांचे बोल्ट सगळ्यात आधी बाजूला काढा. त्यांच्यावर शैलीची चर्चा नकोच. सुळक्यावर चढून गेलेल्याला उतरावेच लागते. तिथले गंजलेले बोल्ट बदलायचे, काढून मोकळे सोडायचे नाहीत. उतरणीचा बोल्ट काढला की पुढचा चमू एखाद्या सैल दगडाला किंवा झुडपाच्या बुंध्याला स्लिंग गुंडाळून उतरतो. ‘नवरा-नवरी’ नावाच्या सुळक्यांसारख्या टोकदार सुळक्यांच्या माथ्यावर तर तेवढीही सोय धड नसते.

त्यानंतर मधल्या संरक्षणाचे बोल्ट. ज्याच्या आसपास दुसरे काहीच बसत नाही, तो ठेवायचा किंवा त्याच भोकात नवा बसवायचा. एकाच जागी तीन-तीन पिढ्यांचे बोल्ट असतील, मान तुटलेले खुंट असतील, तर एक चांगला ठेवून बाकीचे काढा. याला सहसा कोणी हरकत घेत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा. उरतो तो खरा वादाचा गट: घट्ट थरातल्या चांगल्या भेगेशेजारचा बोल्ट.

या गटासाठी मी सांगेन की लगेच काढू नका. एक पूर्ण हंगाम, म्हणजे ऑक्टोबरपासून मेपर्यंत, तो बोल्ट जागेवर ठेवून न वापरता चढा. वेगवेगळ्या क्षमतेच्या चार-पाच जोड्यांना चढू द्या. प्रत्येकाने तिथे काय बसवले, कितव्या मापाचे, आणि झटका देऊन पाहिल्यावर ते टिकले का, हे त्याच वहीत लिहा. सगळ्यांचे एकमत झाले की भेग पुरेशी आहे, तर बोल्ट काढण्याची बाजू भक्कम होते. दोघे हो आणि तिघे नाही म्हणत असतील तर तो बोल्ट राहू द्या. नट बसवून चढणाऱ्याला जवळचा बोल्ट आडवा येत नाही, त्यात दोर न अडकवण्याचे स्वातंत्र्य त्याला असतेच. याला उत्तर दिले जाते की बोल्ट डोळ्यासमोर असणे हीच सवलत आहे, कारण वाईट वेळ आली तर तो आहे हे मनाला ठाऊक असते. हा युक्तिवाद खोटा नाही. फक्त तो इतका जड नाही की त्यासाठी कमी अनुभवाच्या लीडरचा जीव धोक्यात घालावा.

आता बोल्ट तपासण्याबद्दल. बाहेरचा गंज फसवा असतो, दोन्ही दिशांनी. तांबूस दिसणारा जाड बोल्ट आत शाबूत असू शकतो आणि चमकणारा आत पोखरलेला. हातोड्याने हलके ठोकून आवाज ऐका. खणखणीत आवाज बरा. बद्द आवाज आला तर बोल्ट तरी सैल आहे किंवा दगड तरी पोकळ आहे. मग पान्याने बोल्टच्या आट्यांवरचा नट (भेगेत बसवायचा नट नव्हे) हळू फिरवा. नटासोबत अख्खा बोल्ट फिरत असेल तर आतली पकड गेली. हँगर स्टेनलेसचा आणि बोल्ट झिंकचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचा असेल तर त्याकडे विशेष लक्ष द्या. दोन वेगळे धातू आणि पावसाळ्याचे पाणी एकत्र आले की साध्या पोलादाचा बोल्ट वेगाने खाल्ला जातो, आणि तोही हँगरच्या मागे, जिथे नजर पोहोचत नाही. त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात चार महिने कडा ओला असतो, त्यामुळे ही झीज इथे जोरात होते.

जुन्या वाटांवर सर्रास सापडतो तो टोकाला दात असलेला, स्वतःचे भोक स्वतःच पाडणारा पोकळ नळीचा बोल्ट. ही नळी 12 मिलिमीटर व्यासाची आणि दगडात जेमतेम 30 मिलिमीटर आत गेलेली असते. तिच्यात 8 मिलिमीटरचा स्क्रू हँगर धरून ठेवतो. घट्ट पाषाणात हा बोल्ट बरीच वर्षे काम देतो. मांजऱ्यात मात्र 3 सेंटिमीटर खोली म्हणजे काहीच नाही. तुलनेसाठी, आजच्या ईएन 959 या युरोपीय मानकानुसार हँगरसह बोल्टने कड्याला समांतर दिशेने 25 किलोन्यूटन, म्हणजे साधारण अडीच टन, भार सोसावा लागतो.

काढण्याची पद्धत बोल्टच्या प्रकारावर ठरते. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात प्रचलित पद्धत म्हणजे बाजूने हातोडे मारून मान मोडणे. तसे केले की आतला तुकडा भोकातच राहतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे तो तुकडा फुगतो, भोकाचा काठ उडवतो आणि कड्यावर तांबडे ओघळ सोडतो. भोक पुन्हा वापरता येत नाही, नवा बोल्ट बाजूला नव्या भोकात मारावा लागतो. म्हणजे कडा मोकळा करण्याच्या नावाखाली एकाची दोन भोके होतात. ज्याला मान मोडण्यापलीकडे काही येत नाही त्याने बोल्टला हात लावू नये.

पाचर-बोल्ट, म्हणजे नट आवळला की आतली कडी शंकूवर चढून फाकते असा, फिरवून काढतात. हँगर काढा, आटे खराब असतील तर डाय फिरवून साफ करा. दोन नट एकमेकांवर आवळून लॉक करा आणि सॉकेट लावून ड्रिलने बोल्ट फिरवा. ड्रिलची ठोक बंद हवी, फक्त फिरकी. फिरवताना सतत बाहेर ओढत राहा. आतली कडी झिजते आणि बोल्ट सैल होतो. मग आट्यांवर बसणाऱ्या पुलरने तो सरळ बाहेर काढा. पुलरचे पाय दगडावर टेकतात तिथे लोखंडी पट्टी ठेवा, नाही तर बोल्ट निघण्याऐवजी काठाची खपली निघते. असा पुलर नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये नीट बनवून मिळेल. हँगर मात्र तिथे बनवू नका. पुलर मोडला तर काम थांबते, हँगर मोडला तर माणूस जातो, आणि वर्कशॉपमध्ये प्रत्येक लॉटची भारचाचणी होत नाही.

नळीच्या बोल्टमधला स्क्रू आधी काढा. स्क्रू आत तुटला असेल तर उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर लागतो. रिकामी नळी आटे शाबूत असतील तर पुलरने ओढून पाहता येते, पण तळाच्या शंकूवर ती फाकलेली असते आणि बहुधा सहज निघत नाही. मग तिच्याभोवती किंचित मोठ्या मापाची डायमंड कोअर बिट, म्हणजे गोल काप घेणारी पोकळ बिट, चालवून ती भोवतालच्या दगडाच्या पातळ वेढ्यासकट बाहेर काढावी लागते. पाणी थोडे थोडे सोडत राहा, कोरडी चालवली तर बिट जळते. रेझिनमध्ये चिकटवलेला बोल्टही कोअरनेच निघतो, किंवा त्याचा दांडा तापवून रेझिन मऊ झाले की पिळून. जुन्या मेखा त्यांच्या भेगेच्या दिशेने, दोन्ही बाजूंना आळीपाळीने ठोकून काढाव्यात. मात्र एकच मेख पुन्हा पुन्हा ठोकली-काढली की भेगेला खड्डे पडतात. जुनी मेख घट्ट असेल आणि धोका नसेल तर तिला सोडून द्या.

गंजलेला नट सुटत नाही म्हणून तेल फवारायचा मोह होतो. त्या भोकात नंतर रेझिन भरायचे असेल तर तेल अजिबात नको. तेलकट दगडाला रेझिन धरत नाही. बाहेरून सगळे उत्तम दिसते, ओढले की तलवार म्यानातून निघावी तसा बोल्ट बाहेर येतो. आधीच कोणी तेल मारले असेल तर भोक दोन मिलिमीटरने मोठे करा म्हणजे तेलकट थर निघून जाईल.

अँगल ग्राइंडर या डोंगरांवर नेऊच नका. डिसेंबरनंतर कड्यांच्या पट्ट्यांवरचे गवत वाळून कोरडेठाक झालेले असते. एका ठिणगीने वणवा लागतो आणि वणव्याच्या वर दोरावर लटकणाऱ्याला पळायला जागा नसते.

बोल्ट निघाल्यावर भोकाचे काय, हे काढण्याआधीच ठरवा. त्याच जागी नवा बसणार असेल तर भोक नव्या बोल्टच्या मापाचे करून 100 मिलिमीटरपर्यंत खोल करा. बुजवायचे असेल तर त्याच भोकातून निघालेली पूड जपून ठेवा आणि इपॉक्सीत कालवून भरा. वरचा थर भरताना जवळच्या पृष्ठभागाचा रंग पाहा. बेसाल्ट आत काळा-करडा असतो आणि बाहेर हवेने तपकिरी झालेला असतो, म्हणून फक्त आतली पूड वापरली तर भोकाच्या जागी करडा ठिपका उठून दिसतो. वरून थोडी सुटी तपकिरी माती दाबली की मिसळून जातो. भोक उघडे ठेवलेत तर त्यात पाणी मुरते आणि काठ कमजोर होतो, शिवाय पुढचा एखादा त्यातच काही तरी ठोकून देतो.

नवा बोल्ट बसवताना सगळे सुटे भाग एकाच धातूचे घ्या. 316 दर्जाचे स्टेनलेस आपल्या हवेला योग्य आहे. घट्ट पाषाणात 12 मिलिमीटरचा पाचर-बोल्ट चालतो. मांजऱ्यात रेझिनचाच घ्या, कारण पाचरीचा दाब सच्छिद्र दगड आतून चिरतो. नवे भोक पाडावेच लागले तर जुन्या भोकापासून आणि कड्याच्या काठापासून किमान 15 सेंटिमीटर दूर. रॅपलच्या स्थानकावर दोन बोल्ट, मध्ये वीसेक सेंटिमीटर, आणि दोन्हींना रिंग.

रेझिनचे बोल्ट फसतात ते बहुतेक वेळा धुळीमुळे. हवा मारा, ब्रश फिरवा, पुन्हा हवा. पूड बाहेर येणे थांबेपर्यंत हे करत राहा, चार-पाच वेळा तरी. काडतुसातून पहिले काही दाब बाहेर टाका, रंग एकसारखा आल्यावरच भोकात भरा. तळापासून भरत बाहेर या, साधारण दोन तृतीयांश, आणि बोल्ट फिरवत फिरवत आत घाला. काठाशी रेझिन दिसले पाहिजे. काडतूस उन्हात तापलेल्या सॅकमध्ये राहिले तर रेझिन नळीतच घट्ट होते. ते कापडात गुंडाळून सावलीत ठेवा आणि काम सकाळी उरका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काही कडे आतून पाझरत असतात. ओल्या दगडाला चालेल असे काडतुसावर लिहिले नसेल तर कोरडे होईपर्यंत थांबा. सुकण्याची वेळही काडतुसावर दिलेली असते, तीच पाळा. तोवर बोल्टला लाल पट्टी बांधून ‘वापरू नका’ अशी चिठ्ठी लावा.

हंगामाबद्दल दोन गोष्टी कोणी हलक्यात घेऊ नयेत. ड्रिलच्या कंपनांनी आग्या मोहोळ उठते. काम सुरू करायच्या आदल्या दिवशी दुर्बिणीने पूर्ण कडा पाहा. मोहोळ कामाच्या ओळीत किंवा तिच्या जवळपास असेल तर त्या वर्षी काम रद्द. धूर, फटाके असले उपाय करू नका. दुसरे म्हणजे गिधाडे. अंजनेरीच्या कड्यांवर भारतीय गिधाडांची घरटी असतात आणि विणीचा काळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतो, नेमका आपला चढाईचा हंगाम. घरट्यासमोर दिवसभर ड्रिल चालवली तर पक्षी घरटे सोडतात. अंजनेरी हे संवर्धन राखीव आहे, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही करू नये. संरक्षित स्मारकांवर, मग तो गड असो की पांडवलेणी, बोल्ट काढणे आणि मारणे दोन्ही कायद्याच्या कक्षेत येते. अर्ज लेखी द्या, आणि त्यात बोल्टांची वही जोडा. हातात नकाशा आणि फोटो असले की अधिकाऱ्यालाही तुम्ही काय मागता ते कळते.

निर्णय कोणी घ्यायचा? मूळ चढाई करणारे, नाशिकमधल्या गिर्यारोहण संस्था, त्या सुळक्यावर नेहमी चढणारे इतर शहरांतले लोक, आणि पायथ्याच्या वाडीतले एक-दोघे, कारण अपघात झाला की सर्वात आधी तेच धावतात. बैठकीची तारीख निदान दोन महिने आधी जाहीर करा. मूळ आरोहकाला मी नकाराधिकार देणार नाही, पण त्याचे म्हणणे सगळ्यात आधी ऐकून घेईन. मतदान शक्यतो टाळा. दर बोल्टवर वहीसमोर बसून बोलले तर पंधरापैकी बारांवर एकमत होते, आणि उरलेल्या तीनांवर निर्णय एक वर्ष पुढे ढकलायला काही हरकत नसते. जे ठरेल ते मराठीत लिहून सर्व संस्थांना पाठवा: कोणते क्रमांक काढले, कोणते बदलले, कोणते तसेच, आणि वाट आता किती मीटर संरक्षणाशिवाय आहे. काढलेले घरगुती हँगर भंगारात देऊ नका. क्रमांकाची चिठ्ठी लावून संस्थेच्या कपाटात ठेवा. नाशिकच्या प्रस्तरारोहणाचा तो लोखंडी पुरावा आहे.

आणि कोणी रातोरात जाऊन बोल्ट काढलेच, तर त्याच दिवशी सगळ्या संस्थांना आणि पायथ्याच्या वाडीला कळवा. जुन्या टोपोवर (वाटेच्या रेखाटनावर) विसंबून शनिवारी चढणाऱ्याला मधला टप्पा उघडा असल्याचे वर पोहोचल्यावर कळू नये. पण रागाच्या भरात लगेच नवे बोल्ट मारायला जाऊ नका. फक्त उतरणीचे स्थानक गेले असेल तर तेवढे तातडीने, शक्य तिथे जुन्याच भोकात, बसवा. बाकी भोके मोजून, फोटो काढून तशीच ठेवा आणि बैठक बोलवा. काढ-घाल, काढ-घाल होत राहिली की दर फेरीला भोके वाढतात, आणि दहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात चार भोके पडली की त्या जागी पुढे कोणताच बोल्ट विश्वासाने बसवता येत नाही.